पौलाच्या आड किती दिवस लपणार?

लग्नाची उपासना सुरू होते. वचने दिली-घेतली जातात, अंगठ्या बोटांत सरकतात आणि उपदेशाची वेळ येते. पाळक इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडतात, नवरीकडे पाहतात आणि बावीस ते चोवीस ही तीन वचने सावकाश, शब्दाशब्दावर जोर देऊन समजावतात. पत्नीने अधीन असावे, पती हा मस्तक आहे, मंडळी जशी ख्रिस्ताच्या तशी बायको नवऱ्याच्या आज्ञेत राहावी. नवऱ्याच्या वाट्याची वचने येतात तेव्हा घड्याळाकडे लक्ष जाते, हॉलची वेळ संपत आलेली असते, बाहेर जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या असतात. नवऱ्याला दोन वाक्यांत मोकळे केले जाते. पिंपरीपासून मोशीपर्यंत, देहूरोडपासून चाकणपर्यंत असा उपदेश ऐकला नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा. दहा-बारा दिवसांनी तीच नवरी पहाटे कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभी असते. तिचा पगार कोणाच्या खात्यात जाणार, माहेरी केव्हा जायचे, मूल केव्हा हवे, या सगळ्या प्रश्नांवर घरात एकच उत्तर तयार असते: पाळकांनी काय वाचले ते ऐकलेस ना?

आम्ही आज स्पष्ट सांगतो. या रीतीने जे शिकवले जाते ते शुभवर्तमान नाही. ती नवरेशाही आहे, आणि तिच्या अंगावर पवित्र शास्त्राचा झगा चढवलेला आहे. हा झगा उतरवण्याची वेळ आली आहे, आणि तो मंडळीनेच उतरवला पाहिजे.

शास्त्राचाच आधार हवा ना? मग शास्त्र पूर्ण वाचा. बाविसाव्या वचनाच्या आधी एकविसावे वचन आहे. ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन व्हा, असा त्याचा आशय आहे. हे एकमेकांच्या अधीन होणे मंडळीतल्या प्रत्येकाला सांगितले आहे, पुरुषाला वगळून नाही. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत तर बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदही नाही. ते एकविसाव्याच्या क्रियापदावर टेकून उभे आहे. म्हणजे एकविसावे कापून बाविसावे वाचणारा माणूस पौलाचे वाक्य मधोमध तोडतो. पुढे पंचविसाव्यापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत पौल जवळजवळ सगळा वेळ नवऱ्याशी बोलतो. ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला, तसा तू बायकोसाठी स्वतःला दे, असे तो त्याला बजावतो. ज्या रोमी जगात कुटुंबप्रमुखाचा शब्द घरातल्या सगळ्यांवर कायदा होता, जिथे नवजात मूल ठेवायचे की टाकून द्यायचे हेही तोच ठरवत असे, त्या जगात हे वाक्य सुरुंगासारखे होते. मस्तक म्हणजे हुकूम सोडणारा हा अर्थ त्या जगाला आधीच पाठ होता, तो शिकवायला प्रेषिताची गरज नव्हती. पौलाने त्या मस्तकाला क्रुसाकडे जायला सांगितले. आमच्या नवऱ्यांना मस्तक तेवढे आठवते आणि क्रुसाचा विसर पडतो.

आणखी एक पान उलटा. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे आहे. पत्नी, मुले आणि दास, या तिघांना एकाच ओळीत बसवून दिलेला तो उपदेश आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी या वचनाचा आधार घेऊन माणसे विकली, आणि रविवारी त्याच माणसांना ते वाचून दाखवले. आज पिंपरीतला कोणताही पाळक उभा राहून गुलामगिरी देवाने नेमली असे सांगेल काय? सांगणार नाही. ते त्या काळाच्या रचनेला धरून लिहिले होते, सुवार्तेने ती रचना मोडली, असे तो सांगेल आणि बरोबर सांगेल. मग त्याच ओळीतले पहिले वाक्य मात्र युगानुयुगांचे कसे झाले? दासाची बेडी काळाबरोबर गळून पडते आणि बायकोची बेडी देवाची इच्छा ठरते, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

हा प्रश्न आमच्या समाजाला तर जिव्हारी लागला पाहिजे. या पट्ट्यातली किती तरी मराठी ख्रिस्ती घरे नगर, राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, जालना या बाजूंनी आलेली आहेत. कारखाने उभे राहिले तशी ती इकडे सरकली; १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाले, मग टेल्को आली, बजाज आली, भोसरीची एमआयडीसी आली, पुढे चाकण. या घरांच्या पणजोबांना धर्मग्रंथाचेच दाखले देऊन गावकुसाबाहेर ठेवले होते. विहिरीला शिवू नका, देवळाची पायरी चढू नका, हे देवानेच ठरवले आहे, असे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ते ऐकून घेणे नाकारले म्हणून त्यांनी नवी वाट धरली. त्यांच्याच आप्तांपैकी कित्येकांनी पुढे बाबासाहेबांच्या मागे जाऊन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीची होळी पाहिली. ग्रंथातली ओळ दाखवून माणसाला खाली बसवणे म्हणजे काय, हे ज्यांना रक्तातून माहीत आहे, त्यांनीच घरात आल्यावर बायकोला ओळ दाखवून खाली बसवावे? यापेक्षा मोठी फितुरी आम्हांला माहीत नाही.

आता मौनाची वचने घेऊ. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याच पौलाने स्त्रिया सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे गृहीत धरले आहे. तिथे चर्चा आहे ती फक्त मस्तकावरच्या आच्छादनाची. जो माणूस तीन अध्याय आधी स्त्री कशी बोलावी याचा नियम देतो, तो तीन अध्यायांनंतर तिचे तोंड कायमचे बंद कसे करील? करिंथच्या त्या गोंधळलेल्या सभेत काही विशिष्ट व्यत्यय थांबवायचा होता, असे मानणारे अभ्यासक आहेत. ही दोन वचने काही हस्तलिखितांत वेगळ्याच जागी येतात, यावरून ती मुळात होती का, अशी शंका घेणारेही आहेत. आमच्या व्यासपीठावर हे कधी सांगितले जात नाही. तिथे पदर येतो आणि मौन येते. अकराव्या अध्यायात बोलणारी बाई मात्र गायब होते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय हे तर सगळ्यांचे आवडते हत्यार. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. ठीक आहे. पण त्याच अध्यायात त्याच्या तीनच वचने आधी स्त्रियांनी केसांच्या वेण्या, सोने, मोती, महागडी वस्त्रे यांनी स्वतःला सजवू नये असेही आहे. आम्ही या शहरातल्या लग्नांना जातो. नवरीच्या अंगावरचे सोने पाहून एकाही पाळकाने विवाहविधी थांबवल्याचे आम्ही पाहिलेले नाही. पुरुषांनी राग व वादविवाद सोडून हात वर करून प्रार्थना करावी हे त्या अध्यायातले आठवे वचन. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत खुर्च्या उचलणाऱ्यांना ते कोणी वाचून दाखवत नाही. सोन्याचे वचन त्या काळापुरते, भांडणाचे वचन विस्मरणात आणि बाईचे वचन मात्र सर्वकाळचे. निवड कोण करतो? ज्यांना त्या निवडीचा फायदा आहे तेच करतात.

आणि ज्या स्त्रियांची नावे शास्त्रानेच लिहून ठेवली त्यांचे काय करायचे? रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीची शिफारस करतो, ती अनेकांची व स्वतः त्याचीही आधार होती असे नोंदवतो. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला यांनी अपुल्लो या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. म्हणजे एका बाईने एका उपदेशकाला शिकवले आणि प्रेषितांच्या कृत्यांनी ते अभिमानाने टिपले. यूनियाचे नाव पौल प्रेषितांच्या संदर्भात घेतो, आणि चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमने ती स्त्री होती हे मानून तिची थोरवी गायली. पुढच्या काळातल्या पुरुषांना हे इतके जड गेले की कित्येक भाषांतरांत तिलाच पुरुष करून टाकण्यात आले. दबोरा इस्राएलाचा न्याय करत होती. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ खरा काय ते विचारायला योशिया राजाने हुल्दाकडे माणसे पाठवली. पुनरुत्थानाची पहिली बातमी प्रभूने मग्दालीया मरीयेच्या तोंडी दिली, ती बातमी पुरुष शिष्यांना सांगायला तिला पाठवले. ईस्टरच्या पहाटे ही कथा आम्ही दरवर्षी वाचतो. ती वाचणारा आवाज अजूनही बहुतेक ठिकाणी पुरुषाचा असतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला मात्र इफिस-करिंथपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथे एका बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे वेचली आणि संपूर्ण पवित्र शास्त्र मुळावरून मराठीत आणले. पंडिता रमाबाईंना आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खटकत होती; दुष्काळातून वाचवून आणलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या मुलींना कळेल असे शास्त्र त्यांना हवे होते. मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्या मुलींनी आणि बायांनीच खिळे जुळवले, कागद छापले, पुस्तके बांधली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी त्यांनी काम तडीस नेले होते. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. जगाच्या पाठीवर किती भाषांना असे भाग्य लाभले असेल? ज्या मराठीत एका बाईने उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत प्रत्येक वचन तोलून मांडले, त्या मराठीत बाईने शास्त्र उलगडून सांगू नये म्हणता? रमाबाईंना तीमथ्याच्या पत्राचा दुसरा अध्याय ठाऊक नव्हता असे वाटते का तुम्हांला? त्यांनी तो मूळ ग्रीकमध्ये वाचला होता.

आणि अधीनतेचा उपदेश त्यांनाही झालाच होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. त्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी, मुंबईच्या आणि लाहोरच्या, विरोध केला; बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्याच देशात तिची पत जाईल असा त्यांचा सूर होता. रमाबाईंनी मान तुकवली नाही. आपली आई आणि आपण तरुण पुरुषांना शिकवत होतो, तेव्हा वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, हे त्यांनी उत्तरात मांडले. धर्ममाता म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डिनने आज्ञाधारकपणाचा धडा दिला तेव्हा रमाबाईंचे म्हणणे असे पडले की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसरे घेणार नाही. ख्रिस्ताचे वचन मानीन, प्रत्येक पाळकाचा शब्द देवाचा म्हणून मानणार नाही. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हाची ही भाषा आहे. ख्रिस्ती होणे आणि पुरुषाच्या अधीन होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या मराठी बाईला १८८५ मध्ये दिसत होते. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आमच्या मंडळ्यांना ते दिसू नये?

लक्ष्मीबाई टिळकांचे घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते बायकोला न विचारता. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे घेतली; १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचा विचार पुरता झाल्यावर, नवऱ्याच्या हुकमाने नाही. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले, आणि त्यातले बहुतांश अध्याय त्यांच्या हातचे आहेत. मराठी ख्रिस्ती श्रद्धेचे दोन खांब म्हणजे या दोन बाया. त्यांचे फोटो आम्ही हॉलमध्ये लावतो, जयंतीला हार घालतो, आणि त्यांच्या नातींना सांगतो की तुमची जागा रविवारच्या शाळेत, महिला मंडळात आणि सहभोजनाच्या भांड्यांपाशी.

या पट्ट्यात बाई काय करत नाही? १९७४ च्या सुमारास टेल्कोने इंजिनियर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले. सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना खरमरीत पोस्टकार्ड धाडले, मुलाखतीला बोलावणे आले आणि पुण्याच्या कारखान्यात त्या पहिल्या स्त्री इंजिनियर म्हणून रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात गाड्यांची जुळणी करणारी अख्खी लाइन बायकांची आहे. चाकणमध्ये वायरिंग हार्नेसपासून गुणवत्ता तपासणीपर्यंत बाई उभी आहे. टॉर्कचे माप चुकले तर ती लाइन थांबवते आणि शंभर पुरुष थांबतात. अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असल्याने कित्येक जणी रात्रपाळी करून रविवारी सरळ उपासनेला येतात, दशांश घालतात, देणगीच्या पावत्या फाडतात. बांधकाम निधीत त्यांचा पैसा चालतो. त्या निधीचा हिशेब विचारायला त्या उठल्या की मौनाचे वचन निघते. भांडवलदाराने पन्नास वर्षांत दार उघडले आणि प्रभूच्या घरात अजून अर्ज करू नये अशी पाटी आहे. याची लाज पुरुषांना वाटली पाहिजे.

सगळ्या मंडळ्या एका मापाच्या नाहीत हे आम्ही जाणतो. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना आचार्यपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेच्या भगिनी चर्चमध्ये २०१३ साली नंद्यालला ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. कॅथलिक धर्मसभेत पौरोहित्याचे दार बंदच आहे, पण २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर स्त्रियांना रीतसर नेमण्याची वाट मोकळी केली, आणि भारतातल्या बिशपांनी त्याआधीच २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले होते. नियम बदलले. पण धोरणाचा कागद कार्यालयाच्या कपाटात राहतो आणि उपदेश तोच राहतो. भाड्याच्या हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत कुठे बाई पाळक दिसते, तर कुठे पाळकाच्या शब्दावर कसलाच अंकुश नसतो. जिथे वरचा नियम अनुकूल आहे तिथल्या कमिट्यांचा अपराध आम्ही मोठा मानतो, कारण त्यांच्यापुढे अडचण नाही, फक्त इच्छा नाही.

बारा प्रेषित पुरुष होते, असे आम्हांला ऐकवले जाते. ते बाराही यहुदी होते. तो नियम धरला तर नगरच्या आणि जालन्याच्या एकाही पुरुषाला वेदीजवळ उभे राहता येणार नाही. यहुदी असण्याची अट गळाली आणि पुरुष असण्याची राहिली, हे कोणी ठरवले? ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही, असे गलतीकरांस सांगणाराही पौलच आहे. त्यातल्या पहिल्या भेदाच्या मोडण्यावर आम्हां सगळ्यांचा उद्धार उभा आहे. तिसऱ्याशी येऊन थांबण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, अशीही ओरड होते. १८६९ चा घटस्फोट कायदा पाश्चात्त्यांनीच दिला होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. शंभराहून अधिक वर्षे ख्रिस्ती बाई या कलमाखाली पिचली. ख्रिस्ती स्त्रियांनी आवाज उठवला, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाविरोधी ठरवली, २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. तेव्हा अधीनतेची वचने घोकणाऱ्यांना हे पाश्चात्त्य कलम कधी टोचले नव्हते. ते सोयीचे होते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. मार खाल्लेली बाई पाळकांच्या दारात येते. ओठ फुटलेला असतो, मूल कडेवर असते. तिला पाणी दिले जाते, प्रार्थना केली जाते आणि परत त्याच घरी पाठवले जाते. सहन कर, अधीन राहा, तुझ्या नम्रतेने तो बदलेल. जो हे सांगतो तो पुढच्या मारात भागीदार आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, त्यांच्याच आवडत्या अध्यायात, नवऱ्याने बायकोला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांना अडथळा येईल असे आहे. ज्याची प्रार्थना देव ऐकत नाही असे शास्त्र म्हणते, त्याला तुम्ही उपासप्रार्थनेचा पुढारी करता?

पाळकांनो, वडीलजनांनो, पंचांनो, आमच्या मागण्या साध्या आहेत. विवाहविधीत इफिसकरांस पत्र वाचायचे तर एकविसाव्या वचनापासून वाचा, आणि उपदेशाचा मोठा वाटा नवऱ्याला द्या, जसा पौलाने दिला. महिन्यातले निदान दोन रविवार व्यासपीठावर बाई उभी राहू द्या, आणि 'महिला रविवार' एवढ्या एका दिवसावर बोळवण करू नका. कमिटीत अर्ध्या जागा बायांना द्या, खजिनदारपदासह. मार खाल्लेली बहीण आली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिला लागू आहे हे तिला सांगा, १८१ हा क्रमांक तिच्या हातात द्या, तिला राहायला जागा द्या, आणि तिची इच्छा असेल तर पोलीस ठाण्यापर्यंत तिच्या सोबत चला. मारणारा नवरा मंडळीचा पंच असेल तर त्याचे पंचपद त्याच रविवारी काढून घ्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडा: मंडळीचा अध्यक्ष मारहाण करणारा नसावा, असे तिथे लिहिले आहे. बाईला गप्प करण्यासाठी जो अध्याय तुम्ही इतकी वर्षे वाचलात, त्याच्या पुढचाच तो अध्याय आहे.